चार झिसिस

लाम्ब्रिनीने लष्करी चोपड्यातली गंजकी टाचणी सुरीच्या टोकाने उपसून काढली, पानं सुटी केली आणि एकेक करून स्कॅनरच्या तोंडाला लावली. टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरू लागला, म्हणजे आत वाचन सुरू झालं.

दोन मिनिटांत चोपडं पडद्यावर तारखेप्रमाणे आपल्या जागी जाऊन बसलं. १९५१, जानेवारी ते जून. आणि त्याला खेटूनच, मंगळवारी तिने स्वतःच्या हाताने आत घातलेलं अक्रोडाच्या शेताचं खरेदीखत.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. खरेदीखत म्हणत होतं, अकरा मार्चला झिसिस बाकोलासने गावातल्या कॉफीच्या दुकानात, दोन साक्षीदारांसमोर, अक्रोडाचं शेत विकत घेतलं आणि सही केली. लष्करी चोपडं म्हणत होतं, शिपाई झिसिस बाकोलास, म्हणजे तिचा बाप, जानेवारीपासून जूनपर्यंत एव्ह्रोस नदीच्या सरहद्दीवर पहाऱ्याला होता, एक दिवसाचीही रजा नाही.

एक माणूस काही दोन ठिकाणी नसतो.

हे यंत्र तिने हट्टाने उभं केलं होतं. सरकारने फर्मान काढलं होतं, ज्याने त्याने आपल्या जमिनी कागदांसकट नोंदवाव्यात. मुदतीनंतर जे बेवारस राहील ते सरकारजमा. मागे एकदा शहरातल्या एका कचेरीने ‘आम्ही स्कॅन करून देतो’ म्हणून गावच्या कागदांचं खोकं नेलं होतं, ते अजून परत येतंय. यंदा पुन्हा त्यांचा माणूस हसतमुखाने दारात उभा राहिला, तेव्हा भर सभेत लाम्ब्रिनी उठली आणि म्हणाली, “आधी मागचं खोकं आणा. गावचे कागद आता गावातच राहतील.” एकतीस वर्षं तिने गावचं पोस्ट सांभाळलं होतं. पोस्ट बंद झालं तेव्हा खोलीची किल्ली तिने दिली नाही. ज्याला हवी त्याने मागायला यावं, असं तिचं म्हणणं होतं, आणि तिच्याकडे मागायला येण्याची कुणाची छाती नव्हती.

त्याच खोलीत तिने हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवलं. आपल्याच कॉम्प्युटरवर राहतं, कागद गिळतं, वाचतं, लावून ठेवतं, बाहेर कुणाला काही सांगत नाही. सूचना सगळ्या इंग्रजीत. शब्दकोश मांडीवर घेऊन तिने एकेक ओळ टंकली. एवढं करून ग्रीक भाषा शिकवायलाच विसरली, त्यामुळे पाद्रीबाबांचा बाप्तिस्म्याचा दाखला यंत्राने असा काही वाचला की कॉफीच्या दुकानातले म्हातारे आठवडाभर तोच मोठमोठ्याने म्हणत बसले. तिने सगळं पुसून पुन्हा बसवलं. टोपणनावाशिवाय गावात कुणी सुटत नाही, तसं यंत्राचंही नाव पडलं, खादाड.

खादाडाची एक गंमत होती. इथे पहिल्या मुलाला आजोबाचं नाव लागतं. म्हाताऱ्या झिसिस बाकोलासला चार मुलगे, म्हणून चार नातू झिसिस बाकोलास. यंत्राला हे कोण सांगणार? त्याने चौघांचा मिळून एकच इसम केला. त्या इसमाचा चारदा बाप्तिस्मा झाला, तीन लग्नं झाली, तो ४४ साली वारला आणि ४७ साली त्याने खेचर विकत घेतलं. लाम्ब्रिनी हसता हसता रडली. मग पूर्वी पत्रं लावायची तशी तिने टोपणनावांची लेबलं केली. घंटेवाला, म्हणजे तिचा बाप. तांबडा, बहिरा आणि अमेरिकन, म्हणजे त्याचे तीन चुलतभाऊ. अक्रोडाच्या शेताचा कागद तिने विचार न करता घंटेवाल्याखाली टाकला होता. शेत तिच्याच घरचं होतं, त्यात विचार कसला नि सही कसली बघायची?

दार ढकलून तिचा भाऊ स्टेर्गिओस आत आला. हातात नोंदणीचा फॉर्म.

“शेताच्या कागदाची प्रत दे गं. उद्या शहरात जातोय. मुदत नऊ दिवसांवर आलीये.”

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने ओठ हलवत दोन्ही कागद वाचले. मग खिडकीतून बाहेर नजर टाकली आणि दार लावून घेतलं.

“तारीख चुकली असेल,” तो म्हणाला. “दुकानात बसून लिहिलेला कागद. त्सिपुरोचे चार ग्लास पोटात असतील.”

“आणि लष्करानेही पिऊन लिहिलं?”

“तुझं म्हणणं काय आहे?”

“बहिरा तेव्हा आपल्या आजीच्या भाषेत स्वर्गात होता आणि अमेरिकन शिकागोत. उरला कोण?”

“तांबडा?” तो तुच्छतेने हसला. “तो जर्मनीला गेला नि तिथेच मेला.”

“त्याची लेक फानी इथे आहे.”

“फानी! चार मधाच्या पेट्या नि दोन मांजरं. ती काय करणार शेत घेऊन?”

“बारा वर्षं ओरडून सांगतेय ती, शेत माझ्या बाबांचं म्हणून. आपण हसलो. मीपण हसले, स्टेर्गिओस.”

त्या शेतात त्याला पाहुण्यांसाठी सहा खोल्या बांधायच्या होत्या. नकाशा तयार होता, मुलीच्या लग्नाआधी दोन खोल्या पुऱ्या होणार होत्या. दर शरद ऋतूत तिथले निम्मे अक्रोड लाम्ब्रिनीच्याही घरी येत. तो खुर्ची ओढून तिच्या जवळ बसला आणि आवाज खाली आणला.

“ऐक. एक बटण दाबायचं, कागद चुलीत घालायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“रविवारी मी सगळ्या गावाला बोलावलंय. आपापल्या नावाचं काय निघतं ते या नि बघा. एकही कागद लपणार नाही असं तोंडाने सांगून बसलेय.”

“मग एक लपला तर काय आकाश कोसळतंय? तुला भाऊ नको का?”

“भाऊ हवाय. चोर नको.”

तो ताडकन उठला. त्याचा चेहरा उतरला होता. लहानपणी याच भावाने तिला पाठुंगळीला मारून बर्फातून शाळेत नेलं होतं. पण तिने माउसवरचा हात काढला नाही.

दाराशी जाऊन तो वळला.

“आणि तुझ्या घराचा कागद गं? तो नाही दिसला कुठे. गावाचे नऊशे कागद चारलेस खादाडाला, तेवढा एक राहिला? आधी स्वतःच्या पानात काय वाढलंय ते बघ, मग आम्हाला चोर म्हण.”

घराच्या जागेचा कागद देव्हाऱ्यातल्या संत निकोलसच्या तसबिरीमागे, चौपदरी घडी करून ठेवलेला होता. खरेदी १९५३ सालची, त्याच कॉफीच्या दुकानातली, आणि नावही तेवढंच, झिसिस बाकोलास. तेव्हा तिचा बाप गावात होता, तसा तांबडाही होता. बापाची सही तिने झोपेतही ओळखली असती. घडी उघडायचाच काय तो अवकाश, आणि म्हणूनच बापाला पुरल्यापासून तिने ती उघडली नव्हती. या घरात ती जन्मली, नवरा गेल्यावर याच घरात परत आली. तिला भीती वाटली आणि संतापही आला. भाऊ खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

तिने अक्रोडाच्या शेतावरचं घंटेवाल्याचं लेबल काढलं, तांबड्याचं लावलं आणि जतन केलं.

रविवारी चर्च सुटल्यावर पोस्टाच्या खोलीपुढे रांग लागली. माणसं आत येत, आजोबाचं नाव सांगत, पडद्यावर आपला ओढा, आपली कुरणं, आपल्या आजीचा हुंडा पाहून ओरडत. ज्यांनी खादाडाला नावं ठेवली होती तेच म्हातारे आता त्याच्या टेबलावर अंजिरं ठेवून जात होते. समोर कॉफीच्या दुकानात स्टेर्गिओस पाठ करून बसला होता.

फानी सगळ्यांत शेवटी आली. अंगाला मधाच्या पेट्यांच्या धुराचा वास. ती बसली नाही.

“मला कशाला निरोप धाडलात, लाम्ब्रिनीबाई? माझ्याकडे चिटोरंसुद्धा नाही, हे तर साऱ्या गावाला पाठ आहे.”

“बस तर खरी.”

फानीने मागे हात नेऊन दार लोटायला घेतलं.

“राहू दे उघडं,” लाम्ब्रिनी म्हणाली आणि कागद पडद्यावर आणला.

फानीने काच पुसावी तसं सहीवरून बोट फिरवलं.

“बाबांची आहे. नावाच्या पहिल्या अक्षराची शेपटी अशीच मागे वळवायचे. स्टुटगार्टहून येणाऱ्या पत्रांवरही अशीच असायची.” तिने वर पाहिलं. “कुठे होता हा?”

“आमच्या पेटीत. जर्मनीला जाताना तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांकडे सांभाळायला दिला असणार.”

“आणि तुम्ही?”

“कागद सांभाळला. शेत खाल्लं.”

बाहेर रेंगाळलेले दोघेतिघे दाराशी येऊन उभे राहिले. फानीचे डोळे भरून आले, पण ओठ घट्ट मिटलेले होते. बारा वर्षांचं हसू तिने ऐकलं होतं, आज ती सहजासहजी रडणार नव्हती.

“स्टेर्गिओस कोर्टात जाईल,” ती म्हणाली.

“जाऊ दे. तारखा मी सांगेन, साक्षीला मी उभी राहीन.”

यंत्रातून निघालेली गरम प्रत आणि पेटीतला मूळ कागद, दोन्ही फानीने फडक्यात गुंडाळून झग्याच्या खिशात घातले. आभार मानले नाहीत. लाम्ब्रिनीला तेच योग्य वाटलं. फानी जायला वळली.

“थांब. अजून एक राहिलाय.”

लाम्ब्रिनीने पर्स उघडली आणि चौपदरी घडीचा एक पिवळा कागद काढला. नजर खिडकीवर ठेवून, बोटांनीच चाचपत तिने तो उलगडला. घडीवर तो जरा फाटला. लिहिलेली बाजू खाली करून तिने तो स्कॅनरच्या तोंडाला लावला, आणि यंत्राने ओढून घेतला.

“हा कुणाचा?” फानीने विचारलं.

“माझ्या घराचा.”

पंखा फिरू लागला. लाम्ब्रिनीने पडदा दोन्ही हातांनी धरून पूर्ण फानीच्या बाजूला वळवला, इतका की तिला स्वतःला त्याची नुसती पाठ दिसत होती.

“सही आधी तू बघ,” ती म्हणाली.