मुखरूभाऊंचा प्रॉम्प्टर

गडचिरोलीच्या कॉलेजात पत्रकारिता शिकणाऱ्या भूपेशचा प्रोजेक्ट पुनम मॅडमनी परत केला होता. आवाज, फोटो, व्हिडिओ मिळून एक गोष्ट सांगायची, असं त्या वर्षभर शिकवत होत्या. भूपेशनं आपल्या मोटारसायकलचे फोटो गाण्यावर लावून दिले. मॅडम म्हणाल्या, "गाडी छान आहे. सोमवारी माणूस आण." नापास झाला तर राजुऱ्याला काकाच्या दुकानात पंक्चर काढायचे, असा निकाल बाबांनी मॅडमच्या आधीच लावून ठेवला होता.

रविवारी सकाळी भूपेश कुरखेड्याकडच्या एका तलावावर पोचला. माणूस मिळाला, तोही दणकट. मुखरूभाऊ एरवी तलावात जाळं टाकायचे आणि हिवाळा लागला की झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक व्हायचे. भूपेशनं त्यांच्या शर्टाला माईक लावला, मोबाईल ट्रायपॉडवर चढवला.

"बोला भाऊ, मासोळीबद्दल."

मुखरूभाऊंनी चारी बाजूंना पाहिलं. "प्रॉम्प्टर कुठी हाय?"

"कोन?"

"मागून डायलॉग सांगते तो. त्याच्याबिगर मी कॅमेऱ्यापुढं नाई बोलत."

"पन भाऊ, हे तुमचंच जीवन हाय!"

"असन. पाठ कुठी हाय मले?"

तलावाच्या पाळीवर, बांधावर मासोळी निवडत बसलेल्या केसरबाई, म्हणजे मुखरूभाऊंच्या घरच्या, हात धुऊन उठल्या. "सांगतो मी, बाबू. नाईतं हे संध्याकाळलोक उभेच राहीन." आणि वाळत घातलेल्या जाळ्याआड जाऊन बसल्या.

"मी लहानपनापासून मासोळी धरतो," जाळ्यामागून आवाज आला.

"मी! लहानपणापासून! मासोळी धरतो!" मुखरूभाऊ स्टेजच्या मराठीत गरजले. तलावावरचे बगळे उडाले.

"तलावात गाळ भरला."

"गाळ!" मुखरूभाऊंनी छातीवर हात मारला, नेमका माईकवर.

"मासोळी इकते माही बायको. जाळं इनते तेही तेच. मी निस्ता मिशीले पीळ देतो."

मुखरूभाऊ थबकले. "हे कोन लेहलं?"

"नाटक कंपनीनं. बोला मुकाट्यानं."

मुखरूभाऊंची मोठीच पंचाईत झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी प्रॉम्प्टरचं एक वाक्यही गाळलं नव्हतं. घरच्या भांडणापायी कलेशी बेइमानी कशी करायची? त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "मी... फक्त... मिशीला पीळ देतो!" त्यांचे डोळे भरून आले. पाळीवरच्या बायांनी टाळ्या पिटल्या. वन्स मोर आला. मुखरूभाऊंनी तो दिलाही.

घरी येऊन भूपेश प्रॉम्प्टिंग कापायला बसला, तर भलतंच निघालं. मुखरूभाऊंच्या गर्जनेनं आवाज पार फाटला होता. कळत काहीच नव्हतं. केसरबाईंचा मात्र लांबून, हळू आणि स्वच्छ आला होता. कापायचं तर मुखरूभाऊंनाच कापावं लागणार होतं. त्यानं चेहरा त्यांचा ठेवला, आवाज केसरबाईंचा, आणि शेवटी जाळ्यातून दिसणाऱ्या बाईंचा फोटो.

सोमवारी वर्गात सगळं दाखवून झालं. पोरं हसता हसता बाकावर आडवी झाली होती. मॅडमनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"ओठ नवऱ्याचे, बोलते बायको. हे तू मुद्दाम केलंस?"

"हो मॅडम," भूपेश म्हणाला. पत्रकारितेतलं हे त्याचं पहिलं खोटं.

"फार मोठं बोललास रे," मॅडम म्हणाल्या आणि पास केलं.

संध्याकाळी बाबांनी राजुऱ्याला फोन लावला. "भूपेश नाई येत दुकानात. पास झाला."

"कशात?" काकानं विचारलं.

बाबांनी भूपेशकडे पाहिलं, मग छताकडे.

"मासोळीत," ते म्हणाले.