दंतवैद्यांचा कुत्रा

निवृत्त दंतवैद्यांना स्वतःचं हुबेहूब चित्र हवं होतं. आणि पायाशी त्यांचा कुत्रा, मान वर करून त्यांच्याकडे बघणारा. चित्रकार बाईंनी होकार दिला आणि तिथेच त्या फसल्या.

दंतवैद्य खुर्चीत पुतळ्यासारखे बसायचे. कुत्रा मात्र घटकाभर टिकायचा नाही. बाईंनी ब्रश उचलला की हा उठून स्वयंपाकघराच्या दारात. आत दंतवैद्यांची धाकटी बहीण असायची. त्याला खाऊ घालणं, फिरवणं, कानात औषध टाकणं, सगळं तीच करायची. बिस्किटं दाखवून झाली, पट्टा खुर्चीला बांधून झाला. तेव्हा त्याने दंतवैद्यांसकट खुर्ची वीतभर ओढली आणि बाईंनी सकाळभर जुळवलेली सावली वाया गेली. वर दंतवैद्यांचं म्हणणं, त्याचा माझ्यावर फार जीव आहे, तुमच्या रंगांच्या वासानं बिचकतो बिचारा. बाई दातओठ खात पुन्हा ब्रश उचलायच्या.

शेवटी त्यांनी बहिणीलाच खुर्चीमागं उभं केलं. कुत्रा मुकाट बसला, मान वर, कान टवकारलेले. बाईंनी झपाट्यानं काम उरकलं.

चित्र पाहून दंतवैद्य आधी खूश झाले. मग चष्मा लावून जवळ गेले.

"हा माझ्याकडे बघत नाहीये. खांद्यावरून मागं बघतोय. डोळे जरा वळवा."

बाईंचा संयम सुटला. "डोळे होते तसेच काढलेत. मागं तुमची बहीण उभी होती. कुत्रा तिचा आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तुम्हाला अजून कसं कळत नाही?"

"राहू द्या हो, बाई," बहीण हळूच म्हणाली. "दादाला बरं वाटतं तसं समजायला."

दंतवैद्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग स्वतः जाऊन त्यांनी दुसरी खुर्ची आणली, आपल्या खुर्चीला लावून ठेवली आणि बहिणीला म्हणाले, "बस इथं. केस विंचरून ये हवं तर."

बाईंना बरं वाटलं, पण क्षणभरच. कॅनव्हासवर आणखी एका माणसाला तसूभरही जागा नव्हती. म्हणजे सगळं पहिल्यापासून. त्यांनी कपाळावर हात मारला आणि नवा, रुंद कॅनव्हास ताणायला घेतला. तोवर बहीण भावाशेजारी अवघडून बसली होती, आणि कुत्रा दोघांच्या पायांत आडवा पडून, भिंतीकडे तोंड करून, खुशाल घोरत होता.