सॅन्टनचा कोट

"तुला अजून आला नाय?" बोंबील दांडीवर अडकवता अडकवता मर्सीने विचारलं, आणि लिलीच्या हातातला बोंबील वाळूत पडला.

विचारणारी सख्खी नणंद होती. सॅन्टन तिचा थोरला भाऊ आणि लिलीचा नवरा. तो जाऊन महिना होत आला होता, चर्चमधली त्याच्या नावाची महिन्याची प्रार्थना जवळ आली होती.

"नाय," लिली म्हणाली.

"महिन्याच्या मिस्साआधी मानूस आपल्या मानसांच्या सपनात येऊन जातो, वयनी. ज्याच्यावर रुसला असंल, त्याच्याकडंच तेवढा येत नाय."

मर्सी बोलली ते मायेनेच. पण माया करतानाही समोरच्याच्या काळजाला घरं पाडायची तिची जुनी सवय.

सॅन्टन सगळ्यांत आधी तिच्याच स्वप्नात आला होता. काळा कोट, लाल टाय, दारात उभा, गालातल्या गालात हसत. तिने ते पाचूबंदरात घरोघर जाऊन सांगितलं. मग तो तिच्या नवऱ्याला, स्टीवनला दिसला. मग लिलीच्या सुनेला, एलिसाला. समोरच्या घरातल्या ज्या माणसाशी त्याने जाळ्यावरून भांडून बोलणं टाकलं होतं, त्यालासुद्धा दिसला. सगळ्या गावाला भेटून झालं, बायको तेवढी राहिली.

लिलीला वाटे, कारण आपल्याला ठाऊक आहे. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी ती जरा चहा प्यायला खाली उतरली होती. वर आली तेव्हा नर्स त्याच्या तोंडावर चादर ओढत होती. एवढा जन्म बरोबर काढला आणि नेमक्या वेळी आपण तिथे नव्हतो. रुसणार नाही तर काय? ती रोज रात्री रोजारीची माळ जपून आडवी होई आणि त्याची वाट बघत पडून राही. डोळ्याला डोळा लागत नसे, मग स्वप्न कुठून पडणार?

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर तिचा मुलगा केल्विन तिच्याजवळ येऊन बसला. चेहरा खुललेला.

"मम्मी, आज पहाटे पप्पा आलेले."

लिलीला वाटलं, आता हाही! "काय बोलला?"

"काय नाय. दारात उभे होते. कोट, टाय, एकदम टकाटक."

"कोट?"

"हा, काळा."

लिलीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. सॅन्टनचा धड फोटोच नव्हता. होता तो होडीवर बनियन घातलेला. केल्विनने तोच माणिकपूरच्या स्टुडिओत दिला, आणि तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर त्याच्या गळ्याखाली काळा कोट आणि लाल टाय बसवून दिला. सातव्या दिवसापासून येणारा-जाणारा त्यालाच हात जोडत होता.

"तुझ्या लग्नात कोट शिवलेला. घातला तुझ्या पप्पानं?"

"नाय. बोलले, मी काय बँडवाला हाय?"

"मंग मेल्यावर घालंल?"

केल्विनही फोटोकडे बघू लागला. एलिसा ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

"तुला गो? तुला पन कोटातच?"

"हो मम्मी. मर्सी आंटी बोलल्या ना, तस्सेच दिसले..." आणि बोलता बोलता ती स्वतःच थांबली.

आधी केल्विनला हसू फुटलं, मग लिलीला. ती इतकी हसली, की हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. एलिसाने धावत पाणी आणलं.

"तो कुनाकडंच आला नाय रे," लिली डोळे पुसत म्हणाली. "माझ्यावर रुसला नाय तो. नुसता गेला."

महिनाभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं. तो आता कुणाकडेच येणार नाही, हे दुःख उरलं होतंच. पण ते साधं, सगळ्यांच्या वाट्याला येतं तसं होतं.

जेवण झाल्यावर ती आत गेली. इतके दिवस ती पलंगाच्या कडेला, भिंतीकडची त्याची जागा मोकळी सोडून निजत होती. आज तिने दोन्ही उशा एकावर एक ठेवल्या आणि पलंगाच्या मधोमध आडवी झाली.