बेचाळिसावी ओळ

घरच्या फोटोंसाठी एक स्वस्तातला मिनी पीसी घ्यायचा आणि तोच सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू ठेवायचा, एवढंच ठरलं होतं. पण काम गेलं भाऊसाहेबांकडे, आणि भाऊसाहेब म्हणजे साधी चप्पल घ्यायलासुद्धा दुकानाच्या चार चकरा मारणारे. त्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता मांडला. आठ महिन्यांत त्यात एक्केचाळीस मिनी पीसी जमले. कोणाचा पंखा किती गुरगुरतो, कोण किती वीज खातो, सगळं टिपलेलं. एखादा पसंत पडला, की बाजारात त्याहून बरा यायचा आणि भाऊसाहेब पुन्हा पहिल्या ओळीवर!

शेवटी एका रविवारी त्यांनी बायकोला हाक मारली. "ठरलं एकदाचं! सतरा नंबरचा. आता सगळे फोटो एका जागी."

"ते सहा महिने एका जागीच आहेत," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "स्क्रीन फुटली म्हणून तुम्ही माळ्यावर टाकलेला लॅपटॉप मी खाली काढला. सर्व्हरला स्क्रीन हवी कशाला? चपलांच्या कपाटावर चालतोय बिचारा."

"त्या भंगारावर? आणि काही उडालं म्हणजे?"

"अजून तरी नाही उडालं. तुमचा तक्तासुद्धा रोज त्याच्यावरच सेव्ह होतो."

भाऊसाहेबांनी तक्ता उघडला, बेचाळिसाव्या ओळीत 'जुना लॅपटॉप, स्क्रीन फुटकी' असं लिहिलं आणि पंख्याच्या रकान्यात भरलं, 'चौकशी चालू.'