स्पॅनिशमधले आबा

कुंडलच्या बाजूच्या ज्या छोट्या कॉलेजात उत्कर्षा शिकायची, तिथला पाण्याचा नळ वर्षभर गळत होता, पण स्पॅनिशचा वर्ग मात्र थाटात सुरू झाला. शिरवळच्या कुठल्याशा कारखान्यात स्पॅनिश येणाऱ्या मुलींना हमखास घेतात, अशी आवई उठली होती. मग काय, नावं घालायला झुंबड.

एका शनिवारी पूजा मॅडमनी प्रत्येकीला उभं करून घरच्यांविषयी स्पॅनिशमध्ये बोलायला लावलं. शिवांजलीने सुभेदार वडील आणि उसाची शेती अशी रंगवली, की मॅडम खूश. पुढचा नंबर उत्कर्षाचा. तिचे आबा, सिद्धू, दर वर्षी आटपाडीकडून मेंढरं घेऊन कोकणात उतरत. मेंढपाळाला काय म्हणतात ते तिला पाठ होतं. पण शिवांजलीच्या शेजारी उभं राहून ते सांगायला तिची जीभ रेटेना. ती म्हणाली, "मला वडील नाहीत."

मॅडमनी पाठीवरून हात फिरवला, शिवांजलीने स्वतःचा डबा पुढे केला. खरं सांगायचं तर उत्कर्षाला ते आवडलं. परक्या भाषेत मारलेली थाप कुणाला लागणार आहे, असंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने गावी गेली. आई, बनाबाई, ओट्यावर बाजरी पाखडत होती. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. मेंढरं कोंडायचं वाडगं ओस पडलेलं.

"आये, आबा कुठायत?"

"आसं काय इचारतीस गं?" बनाबाईने सूप खाली ठेवलं. "लय वरसं झाली की त्यास्नी जाऊन."

भिंतीवर आबांचा फोटो होता आणि त्याचा हारही जुना झाला होता. परवाच ती आबांशी फोनवर बोलली होती. आता मोबाइलमध्ये त्यांचा नंबरच नव्हता. हे आपल्याच वाक्याने झालं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. माझे आबा आहेत, असं ती रडून रडून कितीदा मराठीत म्हणाली. फोटो ढिम्म हलला नाही. ज्या भाषेत घालवलं, त्याच भाषेत परत आणायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी ती वर्गात आपणहून उभी राहिली. "मला वडील आहेत. ते मेंढपाळ आहेत." मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी हसलं नाही. ज्या हसण्याला ती भ्याली होती, ते मुळात नव्हतंच.

संध्याकाळी आईचा फोन आला. "मागं ठेवल्याल्या मेंढरांस्नी पाला आनाया चाललीया, आबा कोकनातनं याचं हायत अजून," ती सहज म्हणाली, जणू मेंढरं कधी गेलीच नव्हती.

मग उत्कर्षा दर शनिवारी आबांविषयीच बोलू लागली. ते उंच आहेत. त्यांना दाढी आहे. त्यांच्याकडे लाल मुंडासं आहे, काठी आहे, घोंगडी आहे. ती जे म्हणेल ते घरात येऊन बसे. आईच्या बोलण्यातून ते कळायचं. पण आबा मेंढरांना कशी साद घालतात, आईला लाडाने काय म्हणतात, याला तिच्याकडे स्पॅनिश शब्दच नव्हते. आधी येऊ तर देत, तिने मनाची समजूत घातली.

आणि आबा आले.

ती गावी पोचली तेव्हा ते ओट्यावर बसले होते. भिंतीवरचा फोटो गेला होता, बनाबाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. उत्कर्षाने धावत जाऊन त्यांचे पाय धरले.

"तू कशी आहेस?" आबांनी विचारलं. स्पॅनिशमध्ये. उच्चार उत्कर्षाचेच, चुकांसकट.

"आबा, आवं मी हाय, उत्कर्षा."

त्यांना कळलं नाही. "मी मेंढपाळ आहे," ते तसंच स्पॅनिशमध्ये म्हणाले. "मी उंच आहे. मला दाढी आहे." तिने वर्गात म्हटलेली वाक्यं ते एकामागून एक म्हणत गेले, आणि संपल्यावर गप्प बसले.

बनाबाई दारात येऊन उभी राहिली. "कोकनातनं आल्यापासनं माज्याशी धड बोलंनात. तूच इचार बाय, माज्यावर राग हाय का?"

उत्कर्षाने जमेल तसं स्पॅनिशमध्ये विचारलं. आबांनी बनाबाईकडे वळून पाहिलं. मग हात जोडले, आणि अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटल्यावर म्हणायचं वाक्य अदबीने म्हटलं, आपल्याला भेटून आनंद झाला.

"काय म्हनलं गं?"

उत्कर्षा आईकडे वळली.

"पाय धुवाया पानी मागत्यात," ती म्हणाली.

बनाबाईचा चेहरा खुलला. पदर सावरत ती लगबगीने पाणी आणायला आत गेली.