राख वाळेपर्यंत

ओढ्याच्या वळणावरच्या जागेत कुणाचा तरी पांढरा पिकअप उभा होता, आणि त्याबद्दल तक्रार करायचा मार्लिसला काडीचाही अधिकार नव्हता.

जंगल सरकारी. या बाजूला पाटी नाही, नळ नाही, संडास नाही, भाडं नाही. कच्च्या रस्त्यावरून गाडी आत घ्यायची, आधी कुणी तंबू ठोकल्याची खूण दिसली की तिथेच आपला ठोकायचा आणि दोन आठवड्यांच्या आत उठायचं. जो आधी आला त्याची जागा. आयडाहोतल्या पोरांना हे कुणी शिकवत नाही, ती शिकूनच जन्माला येतात. मार्लिसचे वडील एल्डन हॅगन दर सप्टेंबरात टोलमन ओढ्याच्या या वळणावर येत. एखाद्या वर्षी आधीच कुणी असलं तर ते गाडीतूनच हात करत, तोंडभर हसत, आणि मग खाली रस्त्याकाठच्या धुळीत तंबू ठोकून आठवडाभर धुमसत बसत. त्या वर्षी त्यांच्या गळाला मासाही लागत नसे. याचा दोष वळणावरच्या माणसांचा असे.

यंदा ते शेजारच्या सीटवर होते, काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात. डबा लठ्ठ मांजराइतका जड होता. मार्लिसने त्याला सीटचा पट्टा लावला होता. त्यात भावनेचा भाग नव्हता. पट्टा लावला नाही तर गाडी सारखी ओरडत होती.

एल्डन यांनी मागे ठेवलेली इच्छा त्यांच्या स्वभावाला धरूनच होती. चर्च नको, भाषणं नकोत, नंतर पाहुण्यांना सँडविचेस तर मुळीच नकोत. वळणावर नेऊन सोडा आणि घरी जा. मार्लिसचा भाऊ वेड टेक्ससला होता, खांद्याचं ऑपरेशन झालेला. त्याने फोनवर विचारलं, "तुला तंबू उभारता येतो का गं?"

"येतो."

"मागच्या वेळी तू गाडीत झोपली होतीस."

"तेव्हा मी नऊ वर्षांची होते."

"मी नुसतं सांगतोय," वेड म्हणाला.

मार्लिसने गाडी रस्त्यावरच ठेवली आणि पायी निघाली. दुसऱ्याच्या तळात सरळ घुसायचं नसतं, लांबूनच हाक द्यायची असते. तिने झाडीच्या कडेला थांबून हाक दिली. आधी एक जाडजूड पिवळं कुत्रं आलं, मग सत्तरीचा एक माणूस आला, आणि मागून बाईचा आवाज आला, "ड्वेन, अरे कुत्र्याला धर! डिझेल, इकडे ये. चावत नाही हो तो, नुसता चाटतो, ते जास्त वाईट!"

ड्वेन आणि कॉनी टकेट, ट्विन फॉल्सहून आलेले. त्यांनी कॉफी दिली. ती किटलीत भुकटी टाकून उकळलेली होती आणि शेवटचा घोट चावून प्यावा लागला. त्यांचा तळ पाहण्यासारखा होता. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या, शेजारी फावडं, लाकडं जाडीप्रमाणे लावलेली. कपडे वाळत घातलेली दोरीसुद्धा सरळ रेषेत.

"छान जागा आहे," मार्लिस म्हणाली.

"इथली सर्वांत छान," ड्वेन म्हणाला. "आम्ही यंदा पहिल्यांदाच पटकावली. दर वर्षी येतो तेव्हा एक म्हातारा आधीच येऊन बसलेला असतो. हिरवा तंबू. नुसता हात करतो, पण उठायचं नाव नाही."

मार्लिसने कॉफीकडे पाहिलं.

खरं तर याच क्षणी सांगायचं होतं. पण तिच्या कानांत वडिलांचा आवाज स्पष्ट होता. मेलेला माणूस पुढे करून जागा मागणं म्हणजे लबाडी. आधी आला त्याची जागा, आणि मेल्याने कुणाचा नंबर आधी लागत नाही. ती म्हणाली, "तुम्ही किती दिवस आहात?"

"बघू. मासे लागताहेत," ड्वेन म्हणाला. "खाली रस्त्याकाठी एक जागा आहे. धूळ आहे जरा."

"माहीत आहे," मार्लिस म्हणाली.

तिने धुळीत तंबू ठोकला. तो एका बाजूने कलला, पण पडला नाही.

सकाळी टकेट नवराबायको गळ घेऊन कुत्र्यासकट ओढ्याच्या वरच्या अंगाला जाताना दिसले. मार्लिसने डबा घेतला आणि वळणावर गेली. मालक नसताना दुसऱ्याच्या तळात पाऊल टाकणं म्हणजे इथे निव्वळ चोरी, आणि हे तिला चालताना प्रत्येक पावलाला कळत होतं. तळाच्या मागच्या कडेला एक थोरलं फरचं झाड होतं. त्याला पाठ टेकून वडील सकाळी बसत, आणि त्यांना त्या वेळी कुणी काही विचारायचं नसे. तिने ठरवून ठेवलं होतं. झाडापासून ओढ्यापर्यंत चालत जायचं, मुठीमुठीने सोडायचं. एखादा शब्द सुचला तर बोलायचा, नाही सुचला तर नाही.

डब्याचं झाकण उघडेना. नखं लावून झाली, किल्ली लावून झाली. शेवटी तिने गुडघ्यांत डबा धरून ओढलं तेव्हा ते उघडलं. आतल्या पिशवीचं तोंड तिने सोडवलं, आणि तेवढ्यात वरून डिझेल भुंकला. मग कॉनीचा आवाज, खूप जवळून, "अरे, गळाची पेटीच विसरलास! तुझं डोकं धडावर आहे ते माझ्यामुळे!"

मार्लिस अठ्ठेचाळीस वर्षांची होती. बॉयसीत तिचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं. तिने वडिलांना एका झटक्यात झाडाच्या बुंध्याशी उपडं केलं आणि झाडीतून पळाली.

आपल्या तंबूपाशी आल्यावर ती रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली. त्यांनी आयुष्यात तिच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. एवढं एकच मागितलं होतं, आणि तिने ते केराची टोपली रिकामी करावी तसं केलं होतं. परत जाऊन नीट करावं, तर ती माणसं आता तिथे होती. रडू येईल असं तिला वाटलं. पण धुळीने फक्त शिंका आल्या.

बऱ्याच वेळाने रस्त्यावरून हाक आली. ड्वेन लांब उभा राहून, रीतीप्रमाणे, हाक देत होता. त्याच्या हातात पत्र्याची बादली होती आणि चेहरा लाल झाला होता. मागे कॉनी, तिच्या मागे कुत्रा.

"या ना," मार्लिस म्हणाली.

"तुम्ही कुणाला पाहिलंत का?" ड्वेन तिथूनच सुरू झाला. "सकाळपासून या रस्त्यावर कुणी गाडी? कुणी मूर्ख?"

"का? काय झालं?"

"आमच्या तळात येऊन कुणी तरी राख ओतून गेलं. आमच्या तळात! झाडाच्या बुंध्याशी, वाळलेल्या सुईसारख्या पानांवर! महिनाभर थेंब नाही पावसाचा. आत एक निखारा असता ना, बाई, तर अख्खा डोंगर गेला असता."

"ती थंड होती," मार्लिस म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात. वरून थंड दिसते. मी दोन बादल्या पाणी ओतलं, फावड्याने ढवळलं, परत ओतलं, परत ढवळलं, मग उलट्या हाताने चाचपून पाहिलं. तळापर्यंत. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आणि हाडं होती आत! लोक कोंबड्या खातात आणि हाडं जाळतात, मग अस्वलं येतात. मी सगळी खरवडून भरून घेतली. शहरात नेऊन कचऱ्यात टाकणार." त्याने बादली तिच्या डोळ्यांसमोर धरली. आत काळपट करडा चिखल होता, त्यात फरच्या सुया आणि एक शंकूसारखं फळ. "बघा! याला काय म्हणायचं?"

मार्लिसने बादलीत पाहिलं.

"एल्डन," ती म्हणाली.

"काय?"

"माझे वडील आहेत ते."

ड्वेनने बादली धरलेला हात खाली आणला, अगदी हळू, आणि ती जमिनीवर अशी ठेवली, जणू आत कुणी झोपलं होतं. मग टोपी काढली. मग टोपी कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

"ड्वेन," कॉनी म्हणाली, "तू काय केलंस?"

"मी ढवळलं," ड्वेन म्हणाला.

"ते ऐकलं आम्ही."

"फावड्याने."

"आता गप्प बस जरा."

"चूक माझी आहे," मार्लिस म्हणाली. "तुम्ही नसताना मी तुमच्या तळात आले. मला नीट करायचं होतं. तुमचा आवाज आला आणि मी ते तिथेच टाकून पळाले. तुम्ही केलंत ते कुणीही केलं असतं." तिचा आवाज सरळ होता, दुकानात गिऱ्हाइकाला नंबर वाढल्याचं सांगताना असतो तसा. "त्यांनीही केलं असतं. फक्त त्यांनी आणखी एक बादली ओतली असती."

"हिरवा तंबू," ड्वेन एकदम म्हणाला.

"हो."

"काल मी त्यांना म्हातारा म्हणालो."

"ते म्हातारेच होते."

"अगं, मग कालच का नाही सांगितलंस?" कॉनी तिला पहिल्यांदाच 'अगं' म्हणाली. "आम्ही त्या क्षणी उठलो असतो."

"म्हणूनच," मार्लिस म्हणाली.

यावर दोघांनी मान डोलावली. तेही आयडाहोचेच होते.

बादली वळणावर परत नेली, तेव्हा नवी अडचण समोर आली. चिखल उधळता येत नाही. मार्लिसने मूठभर घेऊन टाकून पाहिलं तर त्याचा गोळा तसाच्या तसा ओढ्यात पडला, डुबुक करून. तिघंही त्या जागेकडे पाहत राहिले.

"वाळवावी लागेल," ड्वेन चाचरत म्हणाला.

त्याने निळी ताडपत्री आणली, ओढ्यावर धुतली, फडक्याने पुसली आणि उन्हात पसरली. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. मार्लिसने चिखल हाताने पसरला, पातळ, पापड घालावेत तसा. कॉनीने गुडघे टेकून सुया वेचायला घेतल्या. हाड कोणतं आणि खडा कोणता हे कळेना तेव्हा तिने विचारलं, आणि मार्लिस म्हणाली, "राहू दे. त्यांना खडे आवडायचे." हे खरं नव्हतं, पण त्यावर कुणाची हरकत नव्हती.

मग तिघं घडीच्या खुर्च्या टाकून ताडपत्रीभोवती बसले, राखण करत. वारा आला की ड्वेन उठून वाऱ्याच्या बाजूला उभा राही. कुत्र्याला पिकअपला बांधलं होतं, आणि त्याला हा अन्याय वाटत होता.

"कसे होते?" कॉनीने विचारलं.

मार्लिसने विचार केला. "स्कूलबस दुरुस्त करायचे. आई गेल्यावर स्वयंपाक शिकले. पदार्थ एकच शिकले. तो आम्ही चार वर्षं खाल्ला."

"कोणता?"

"आम्हाला कधी कळलं नाही."

ड्वेन हसला, आणि मग ताडपत्रीकडे बघून थांबला.

"हसा," मार्लिस म्हणाली. "वेडने एकदा विचारलं होतं, हे काय आहे. तर म्हणाले, संपलं की सांगतो."

ती बोलत राहिली. बोलायचं ठरवलं नव्हतं. चुकीच्या धक्क्याला त्यांनी बांधलेली होडी, तिच्या घटस्फोटानंतर सहाशे मैल गाडी चालवून येऊन एक शब्द न बोलता त्यांनी दुरुस्त केलेला गळका नळ, शेवटच्या महिन्यात रुग्णालयात नर्सला 'तुमची ड्यूटी संपली का, मग बसा' असं म्हणणं. कॉनी मधे मधे "अगं बाई" म्हणे. ड्वेन दर थोड्या वेळाने काठीने राख उलटी करी, कडेकडेने, आणि प्रत्येक वेळी आधी मार्लिसकडे बघे. ती मान हलवी.

ऊन डोंगराच्या खांद्यावर टेकलं तेव्हा ताडपत्रीवरचा थर फिकट झाला आणि चिरा पडायला लागल्या. मार्लिसने तो बोटांनी चुरला. आता ती राख होती. थोडी मातीही होती त्यात, सुयाही होत्या, टकेटांच्या तळातला कोळसाही असणार. वेगळं काढायची सोय नव्हती.

"आम्ही तिकडे जातो," कॉनी म्हणाली. "घाई नको करूस."

घाई तिने केली नाही. झाडापासून सुरुवात केली. एक मूठ बुंध्याशी, एक वळणावरच्या गवतात, एक जिथे ते मासे साफ करत त्या सपाट दगडावर. पाण्यात सोडलेली क्षणभर वर तरंगली आणि मग ओढ्याने नेली. शब्द सुचतात का ते तिने पाहिलं. सुचला तो असा, "डॅड, सकाळी मी पळाले." मग आणखी एक मूठ. मागे ताडपत्री रिकामी होत गेली, तशी तिची चाल मंदावत गेली. शेवटची मूठ हातात राहिली तेव्हा ती ओढ्याकाठी बराच वेळ उभी राहिली, आणि ती मूठ उघडेना. सकाळी झाकण उघडत नव्हतं तशी नाही. तिला ती उघडायचीच नव्हती.

"जेवण झालंय," कॉनीने लांबूनच हाक दिली. "पण थांबेल."

मार्लिस मूठ तशीच मिटून आली आणि खुर्चीत बसली. कॉनीने ताटली तिच्या मांडीवर ठेवली. बिडाच्या तव्यावर भाजलेला डुकराच्या मांसाचा जाड तुकडा, घेवडा, मक्याचा पाव. मार्लिसने डाव्या हातात काटा घेतला. घेवडा जमला. पाव जमला. मांसाला तिने काटा टोचला आणि ते ताटलीभर फिरायला लागलं.

कॉनीने नवऱ्याकडे पाहिलं. ड्वेनने आपली ताटली खाली ठेवली. तो उठला, सुरी पँटला पुसली, मार्लिसच्या खुर्चीशी वाकला आणि तिच्या मांसाचे तुकडे करून द्यायला लागला. लहान लहान तुकडे, एका घासात मावतील असे. तिच्या उजव्या मुठीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.