जोडाखालची फूट

दोन वर्षांपूर्वी ओली चादर दोरीवर टाकताना तिचं टोक सफरचंदाच्या कलमाला लागलं आणि ते जोडावरच, खुंटावर बांधलं होतं तिथेच मोडलं. सुनेने कुणाला सांगितलं नाही. पुढे जोडाखालून रानटी फूट आली, तिलाच कलम समजून सासरे खूश. येईल त्याला परसात नेऊन झाडाकडे बोट दाखवत म्हणायचे, "या बाईसाहेबांना रोगच होत नाही. फवारणी नको, काही नको."

यंदा पानांवर काळे डाग पडले. सासऱ्यांनी डागाळलेली पानं पिशवीत भरली, चपला घातल्या.

"रोपवाटिकेत जातो. रोग न होणारं कलम म्हणून विकलं, चांगला फैलावर घेतो त्या रोपवाटिकावाल्याला."

कडेवरच्या बाळाला सावरत सून दारात आडवी आली.

"बाबा, त्याची चूक नाही. कलम माझ्या हातून मोडलं. हे ज्यावर कलम बांधलं होतं, त्या खालच्या रानटी खुंटाचं झाड आहे."

"म्हणजे दोन वर्षं मी यालाच पाणी घालत होतो?"

"हो."

"आणि तू बघत होतीस."

ती दारातून बाजूला झाली.

"सकाळी फोनवर त्याला चोर म्हणालो मी," सासरे हळूच म्हणाले. "तो बिचारा माफी मागत होता."

तिने बाळाला टोपडं घातलं आणि माफी मागायला तीही त्यांच्या मागोमाग रोपवाटिकेकडे निघाली.